सांगलीच्या हळदीच्या दरांचं पान: मराठी अक्षरं मोडतात तेव्हा

मार्केट यार्डातल्या दुकानाची वेबसाइट उघडली आणि हळदीच्या दराऐवजी भलतंच दिसलं, तर आधी नेमकं काय दिसतंय ते नीट बघा.

टोप्या-टिंबं लावलेली रोमन अक्षरं दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीचा वाचला जातोय. पानाच्या एचटीएमएलच्या हेड भागात अगदी वर मेटा चारसेट (अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची ते सांगणारी ओळ) यूटीएफ-८ लिहा. सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या हेडरमध्ये दुसरा चारसेट नाही ना, तेही तपासा.

नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र बहुधा डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठलीत. ती परत अक्षरं होत नाहीत. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये टेबल आणि वेबसाइटचं त्याच्याशी असलेलं कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) करा, मगच बॅकअपमधून मजकूर भरा. बरेच जण फक्त टेबल बदलतात, आणि नवी नोंदही तशीच बिघडते.

जाहिरातवाल्याकडून आलेला श्रीलिपीतला (जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला) मजकूर थेट चिकटवू नका. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. त्यानंतर जोडाक्षरं डोळ्यांनी वाचाच. ‘व्यापाऱ्यांची’चं ‘व्यापार्यांची’ झालेलं सापडेल. तिथे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ हवा.

आता मांडणी. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ ते १.७ द्या; १.२ वर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला भिडते. एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) नोंदवा. नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट त्यावरूनच मराठी वळणाचे ल आणि श दाखवतो. हिंदी वळणाचा ल मराठी पाटीवर खटकतोच.