जपानमधल्या मात्सुरीला जाताना: नाशिकहून एक्स्चेंजवर निघालेल्यांसाठी

रंगपंचमीला जुन्या नाशकात पहिल्यांदा आलेला पाहुणा लगेच ओळखू येतो. अंगात नवे कपडे, खिशात मोबाइल आणि उभा मात्र रंगाच्या पाण्याने भरलेल्या रहाडीच्या अगदी काठावर. धप्पा मारायच्या आधी खिसे रिकामे करायचे, पूजा होईपर्यंत थांबायचं, पूजेचा मान ठरलेल्या घराण्याचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एक्स्चेंजवर जपानला गेलात की त्या पाहुण्याच्या जागी तुम्ही असता. तिथल्या उत्सवाला मात्सुरी म्हणतात आणि बहुतेक मात्सुरींमागे एखादं देऊळ आणि त्याच्या आसपासची वस्ती असते. म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी अंगणात शिरताय, हे धरूनच तयारी करा.

सत्र निवडता येत असेल तर एप्रिलचं निवडा. मोठे उत्सव जुलै-ऑगस्टमध्ये येतात. शरद सत्राला गेलात तर २२ ऑक्टोबरची क्योतोमधली जिदाई मात्सुरी आणि नववर्षाचं पहिलं देवदर्शन, म्हणजे हात्सुमोदे, एवढं नक्की साधा.

सुरुवात क्योतोपासून करू नका, आपल्या वसतिगृहाच्या गल्लीपासून करा. आपल्याकडे जसं गल्लीचं मंडळ, तसं तिथे चोनाइकाई असतं. त्यांची पत्रकं कोपऱ्यावरच्या फलकावर, स्टेशनात, दुकानाच्या दारावर लागतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून तीन गोष्टी वाचा: तारीख, वेळ आणि पावसाचा नियम. ‘उतेन चूशी’ म्हणजे पाऊस आला तर रद्द, ‘उतेन जुन्एन’ म्हणजे पुढच्या दिवशी. हे न वाचता दोन तासांचा प्रवास करून रिकाम्या मैदानावर पोचणारे दरवर्षी असतात.

गल्लीतल्या मात्सुरीत सगळ्यात सोपा प्रवेश म्हणजे बोन ओदोरी. मधोमध लाकडी मचाण, त्याला यागुरा म्हणतात, आणि त्याभोवती गोल फिरत नाच. आपल्या फेरासारखाच. नाव नोंदवावं लागत नाही. आतल्या वर्तुळात जाणत्या बायका असतात. त्यांच्या मागच्या रांगेत शिरा आणि एकीच्याच हातांकडे बघा. दर गाण्याच्या हालचाली मोजक्याच असतात आणि त्याच पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे दोन फेऱ्यांत हात बसतो. चुकलात तर वर्तुळ सोडून थांबू नका, मागची रांग अडते. चालत राहा.

हा नाच ज्या ओबोनमधला, तो पूर्वजांचा सण आहे. बहुतेक ठिकाणी १३ ते १६ ऑगस्ट, तोक्योत मात्र बऱ्याच घरी जुलैच्या मध्यात. पितृपक्ष माहीत असलेल्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. क्योतोत १६ ऑगस्टला रात्री आठपासून पाच डोंगरांवर आगीच्या आकृत्या पेटवतात. घरी आलेल्या पितरांना निरोप देण्याचा तो विधी असतो, तेव्हा आतषबाजी बघताना करतात तसा शिट्ट्यांचा कल्ला तिथे नको.

आता युकाता. हा उन्हाळी सुती किमोनो पाहुण्यांनी नेसला तर लोकांना आवडतो, पण एक चूक फार बोचते. उजवा पदर आधी अंगाशी घ्यायचा आणि डावा त्याच्यावरून. बाई असो की पुरुष, नियम एकच. उलटं नेसवतात ते फक्त मृतदेहाला. चूक होते ती बहुधा सेल्फीमुळे, कारण समोरच्या कॅमेऱ्यात उजवं-डावं उलटं दिसतं. त्याऐवजी हाताने तपासा: उजवा हात गळ्याशी सहज आत सरकला तर बरोबर. ओबी म्हणजे कमरपट्टा. तो बायकांनी कमरेवर बांधून गाठ मागे घ्यायची, पुरुषांनी खाली, पोटाखालून नितंबांवर. लाकडी गेता, म्हणजे चपला, नवीन असतील तर अंगठ्याशेजारच्या बेचक्यात आधीच चिकटपट्टी लावा, नाहीतर तासाभरात तिथली कातडी सोलवटते. युकाता भाड्याने घेणार असाल तर परत करायची वेळ विचारून घ्या. आतषबाजी संपेपर्यंत दुकान बंद झालेलं असू शकतं.

मोठ्या उत्सवांपैकी एकच निवडायचा असेल तर क्योतोची गिओन मात्सुरी. तिचा उगम इ.स. ८६९ मध्ये, साथीचा रोग शमावा म्हणून केलेल्या विधीत आहे. जुलैभर ती चालते. १७ तारखेला सकाळी नऊला २३ रथ निघतात, २४ तारखेला ११. गर्दी सोसत नसेल तर २४ तारीख धरा. रामरथाचा दोर ज्यांनी ओढलाय त्यांनी चौकातलं वळण चुकवू नये. सगळ्यात मोठे रथ साधारण १२ टनांचे आणि २५ मीटर उंच, आणि त्यांची चाकं वळत नाहीत. म्हणून चाकांखाली बांबूच्या चिरफळ्या अंथरतात, त्यांवर पाणी ओततात आणि इशाऱ्यासरशी सगळे मिळून रथ बाजूला खेचतात. ओल्या बांबूवर चाक घसरतं, लाकूड करकरतं आणि तीन-चार हिसक्यांत काटकोन पुरा होतो. १७ तारखेला हे शिजो-कावारामाची चौकात दिसतं, पण सातच्या आत तिथे उभे राहा. घरी व्हिडिओ कॉल करायचा तर लक्षात ठेवा, तिथले नऊ म्हणजे नाशकातले पहाटेचे साडेपाच.

दोर ओढणाऱ्यांत विद्यार्थीही असतात, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात एक-दोन महिने आधी विचारा. मोबदला मिळणार असेल तर विद्यार्थी व्हिसावर कामाची वेगळी परवानगी लागते. विनामोबदला मदतीचा मार्ग सरळ. आणि गिओनमध्ये मिळणारं चिमाकी विकत घेऊन सोलत बसू नका. त्या नावाचा खाऊ वेगळा. इथलं चिमाकी बांबूच्या पानांचं रक्षण-चिन्ह असतं, आपल्या तोरणासारखं दारावर टांगायचं.

मिकोशी म्हणजे देवाची पालखी. खांदा द्यायला बोलावलं तर आनंदाने जा, आपणहून मात्र दांड्याला हात लावू नका. त्यांच्या गटाचा हाप्पी अंगरखा घातलेलेच ती उचलतात. वरच्या मजल्यावरून खाली बघत तिचे फोटो काढणं अनादर मानतात.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण खाण्यात येते. ताकोयाकीत ऑक्टोपस, याकिसोबात बहुधा डुकराचं मांस, आणि दिसायला साध्या रश्शातही दाशी, म्हणजे बहुतेक वेळा माशाचा अर्क. निर्धास्त खाण्यासारखं तरीही बरंच आहे: भाजलेलं मक्याचं कणीस (मीठ-लिंबाऐवजी सोया सॉस लावलेलं), लोणी घातलेला उकडलेला बटाटा, काकिगोरी म्हणजे आपला बर्फाचा गोळा, साखरेच्या पाकातलं सफरचंद. विचारायचं वाक्य पाठ करा: ‘निकु तो साकाना वा हाइत्ते इमास का?’, मांस-मासे आहेत का? दाशीसाठी वेगळं विचारा, कारण बऱ्याच जणांच्या मनात ती माशात मोडत नाही. जवळ शंभर-पाचशे येनची नाणी ठेवा, दहा हजारांची नोट गाड्यावर मोडत नाही. कचराकुंड्या जवळपास नसतात, पिशवी घरून न्या.

परतीचा विचार निघतानाच करा. गाडीच्या प्रवास-कार्डात जाण्यायेण्याचे पैसे आधीच भरा, रात्री यंत्रापुढे लांबच लांब रांग लागते. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास असते. आतषबाजीच्या शेवटच्या दहा मिनिटांवर पाणी सोडलंत तर तासभर वाचतो. ओबोनच्या दिवसांत नोझोमी या शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, विनाआरक्षण डबा नसतो. रहिवासी कार्ड कायम जवळ हवं, तो कायदाच आहे. दमट उकाडा नाशिकच्या उन्हापेक्षा जास्त घाम काढतो, मीठ-साखरेचं पेय घेत राहा. चक्कर आली तर ११९ वर फोन करा. दारू वीस वर्षांखाली बेकायदा.

शिंतो देवळात तोरीखाली, म्हणजे प्रवेशाच्या कमानीखाली वाकून, वाटेच्या कडेने आत जा. आधी डावा हात धुवा, मग उजवा, डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरा, आणि डावा पुन्हा धुवा. मग दोनदा वाकणं, दोन टाळ्या, एकदा वाकणं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, फक्त हात जोडायचे.

मात्सुरी संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील उतरवणं, मांडव सोडणं, रस्ता झाडणं चालू असतं. तिथे मुद्दाम जा. भाषा फार लागत नाही, दोरी कुठे धरायची ते हातानेच दाखवतात. आवरून झालं की ‘ओत्सुकारेसामा देशिता’ म्हणा, तुम्ही सगळे खूप राबलात. चोनाइकाईच्या आजोबांना पुढच्या वर्षी तुमचं नाव आठवेल ते बहुधा या सकाळमुळे.