रेडिओवरचं गाणं आणि त्याचे दोन मालक

माझी एक शॉर्टफिल्म पूर्ण होऊनही दीड वर्ष हार्ड डिस्कमध्ये पडून होती. एका सीनमध्ये रेडिओवर गाणं वाजत होतं, एवढंच कारण.

  

तो सीन असा. वडील गेल्यावर बहीणभाऊ पहिल्यांदाच त्यांची खोली आवरताहेत. रेडिओवर वडिलांचं आवडतं गाणं लागतं आणि शर्टाची घडी घालणारे बहिणीचे हात थांबतात. कलाकारांना भाव सापडावा म्हणून मी सेटवर खरंच गाणं लावलं. सापडलाही. पण संवाद आणि गाणं एकाच माइकमध्ये शिरलं. एडिटला बसल्यावर प्रत्येक कटला गाणं उडी मारायला लागलं. ते कसंबसं झाकलं, तर महोत्सवाने निवड कळवताना संगीताच्या हक्कांची कागदपत्रं मागितली.

गाणं गाणारा ओळखीचा होता. "बिनधास्त वापर गं," म्हणाला. मी त्यावर निर्धास्त राहिले, आणि फसले ती इथेच. हक्क त्याच्याकडे नव्हतेच. गाण्याचे दोन हक्क असतात, हे नीट समजून घ्या. एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा. तो संगीतकार-गीतकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे असतो. दुसरा त्या ठराविक रेकॉर्डिंगचा. तो बहुतेकदा म्युझिक कंपनीकडे. फिल्ममध्ये वापरायचं तर दोन्हीकडून लेखी परवानगी हवी: रचनेसाठी सिंक लायसन्स, रेकॉर्डिंगसाठी मास्टर लायसन्स. तेच गाणं तुमच्या नटीने गुणगुणलं तर रेकॉर्डिंगचा प्रश्न मिटतो, रचनेचा राहतोच. बेथोव्हेन 1827 मध्ये गेला, त्याच्या रचनांवरचे हक्क कधीच संपलेत, त्या मोकळ्या आहेत. पण आजच्या ऑर्केस्ट्राने वाजवलेलं त्याचं रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही. आणि "तीस सेकंदांपर्यंत चालतं" असा नियम कुठेही नाही. श्रेयनामावलीत नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही.

सेटवर गाणं लावूच नका असं मी म्हणत नाही. टेकच्या आधी लावा, कलाकारांना त्यात मुरू द्या, ॲक्शन म्हणण्याआधी बंद करा. संवाद कोरा घ्या. मग सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करून खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. संवादांमधल्या रिकाम्या जागा भरायला हा रूम टोन एडिटमध्ये तुम्हाला वाचवेल. हल्ली सॉफ्टवेअरने संवादाखालचं गाणं काढता येतं म्हणतात. मी करून पाहिलं. गाण्याबरोबर बहिणीचा श्वासही गेला, आणि सीन त्या श्वासावरच उभा होता.

गाण्याचा विषय क्षणभर बाजूला ठेवून पोटापाण्याबद्दल आणि लिहिण्याबद्दल थोडं. फिल्मवर घर चालत नाही म्हणून मी शिकवायला लागले. सुरुवातीला ते हरल्यासारखं वाटायचं. तसं अजिबात नाही. नियमित पगार असला की स्क्रिप्ट घाईने विकावी लागत नाही. मात्र दिवसभर विद्यार्थ्यांची पानं वाचून रात्री स्वतःचं पान सुचत नाही. लिहायचं ते वर्गाच्या आधी, सकाळी. आणि गुरू निवडताना एक बघा: तुमच्या पानावर तो स्वतःचे संवाद लिहून देत असेल तर तिथून निघा. "ही बाई आत्ताच का बोलतेय?" एवढंच विचारून थांबणारा मिळाला तर त्याला सोडू नका.

पुन्हा गाण्याकडे. तुमची फिल्म आत्ता अशीच एखाद्या गाण्यापायी अडकली असेल तर घाबरू नका, मार्ग निघतो. दोन्ही मालकांना लिहा. किती सेकंद, कुठे आणि किती काळासाठी हवंय ते स्पष्ट सांगा. फक्त महोत्सवांपुरती परवानगी पुष्कळदा कमी पैशांत मिळते. आम्हाला तीही परवडली नाही. मग नवी धून करून घेतली, संगीतकाराशी लेखी करार केला, आणि बाद केलेले टेक पुन्हा ऐकायला बसलो. एका वाइड शॉटच्या वेळी रेडिओ लावायचा राहून गेला होता. फोकस जरा हलला म्हणून तो टेक बाद केला होता. बहिणीच्या चारही संवादांचा आवाज, श्वासासकट, आम्ही तिथून उचलला.