गावाचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

शाळेचा प्रकल्प असो की ग्रामपंचायतीचा आराखडा, विदर्भात 'आपला भाग मागे का राहिला' हा प्रश्न निघतोच. उत्तरही तयार असतं: इंग्रजांनी लुटलं, मुंबईनं दुर्लक्ष केलं. दोन्हीत तथ्य आहे. पण भंडारा आणि अकोला वेगळे का, हे त्यातून कळत नाही.

सगळा विदर्भ एकाच मापानं मोजणं. वर्धा नदी ओलांडली की कारभाराचा वारसाच बदलतो. पश्चिमेला वऱ्हाड: इमादशाही, मोगल, निजाम, देशमुख-देशपांड्यांची वतनं. 1853 नंतर तिथं इंग्रजी अंमल आला आणि पुढं रयतवारी, म्हणजे शेतसारा थेट शेतकऱ्याकडून. पूर्वेला गोंड राजे, मग नागपूरकर भोसले. 1854 मध्ये ते राज्य खालसा झालं आणि सारा गोळा करणाऱ्या पाटलांनाच इंग्रजांनी गावाचे मालक, मालगुजार करून टाकलं.

मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव मालगुजारांनीच बांधले असं समजणं. ही चूक तर सरकारी फलकांमुळंही होते. नाव माजी मालगुजारी, पण त्यातले कितीतरी तलाव गोंड राजवटीतले. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला, तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळे. कोहळी समाजानं यात नाव काढलं. नवेगाव बांधचा तलाव त्यांचाच सांगतात. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती कोणी टाकायची, पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत सोडायचं, हे गावातच ठरे. 1951 मध्ये मालगुजारी गेली. जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची काळजी कोणाचीच उरली नाही. आज पोटात गाळ, कडेला बेशरमाची झुडपं.

जमिनीचं श्रेय कारभाराला देणं. वऱ्हाडचा कापूस रयतवारीनं पिकला नाही. काळी जमीन होती, 1861 ते 65 च्या अमेरिकी युद्धानं भाव चढले आणि 1870 मध्ये खामगावला रेल्वे पोचली.

खात्री करायची तर पूर्वेकडच्या गावांसाठी भूमी अभिलेखात वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक मागा. सरपण, चराई, तलावाचं पाणी यांवर कोणाचा हक्क, ते तिथं लिहिलेलं असतं. यवतमाळकडं गावाच्या नावात 'इजारा' दिसला तर रयतवारीचा नियम डोळे झाकून लावू नका. तिथली पडीक जमीन मक्त्यानं दिलेली असू शकते.