फॉस्फोरिक ॲसिडचे पीकेए टायट्रेशनने कसे काढावेत

ठिबकच्या नळ्यांत क्षार धरले की आमच्या लातूर-धाराशिवकडे ॲसिड सोडतात. त्यात वापरलं जाणारं एक म्हणजे फॉस्फोरिक ॲसिड, काकवीसारखं दाट. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकातही हेच भेटतं. हे ॲसिड आपले तीन हायड्रोजन तीन हप्त्यांत सोडतं आणि प्रत्येक हप्त्याचा विचरण स्थिरांक वेगळा. त्या स्थिरांकाचा ऋण लॉग म्हणजे पीकेए. २५ अंशांना पुस्तकातले पीकेए २.१५, ७.२० आणि सुमारे १२.३५. हे आकडे आपल्या हाताने काढायचे: ॲसिडमध्ये मोजून मोजून कॉस्टिक सोडा टाकायचा, पीएच लिहायचा आणि दोन्हींचा आलेख काढायचा. हेच टायट्रेशन.

चिंच किंवा मोसंबी घेऊन हाच प्रयोग करायचा मोह होतो. करू नका, निदान पहिल्यांदा तरी. चिंचेतल्या टार्टारिक ॲसिडचे पीकेए ३.० आणि ४.३ च्या आसपास, मोसंबीतल्या सायट्रिकचे ३.१, ४.८ आणि ६.४. इतके जवळजवळ असले की टप्पे एकमेकांत मिसळतात आणि आलेखावर एकच उडी दिसते. टप्पे स्वच्छ सुटे दिसायला दोन पीकेएंत साधारण चारचं अंतर हवं. फॉस्फोरिकमध्ये ते पाचचं आहे.

आधी पाण्याचं बघा. बोअरच्या पाण्याने हा प्रयोग हमखास बिघडतो. त्यातले बायकार्बोनेट थोडं ॲसिड आधीच खातात, म्हणून पहिला टप्पा आखूड येतो. पुढे पीएच चढला की कॅल्शियम फॉस्फेटला धरून खाली बसतं, त्यात आणखी हायड्रोजन सुटतो आणि दुसरा टप्पा लांबतो. पाण्याची कितीही टंचाई असली तरी इथे डिस्टिल्डच लागेल, तेही उकळून गार केलेलं, म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो.

८५ टक्क्यांचं ॲसिड १.७ मिलि घेऊन पाण्यात ओता (ॲसिडमध्ये पाणी नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच) आणि २५० मिलि करा. हे झालं साधारण ०.१ मोलर. कॉस्टिक सोडा २ ग्रॅम घेऊन ५०० मिलि करा. सोडा हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे वजनावर भरवसा नाही. स्फटिकी ऑक्झॅलिक ॲसिड १.५८ ग्रॅम घेऊन २५० मिलि करा आणि त्याच्यासमोर फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) टाकून सोड्याची खरी ताकद काढा. २० मिलि ऑक्झॅलिकला २० मिलिच्या आसपास सोडा लागला पाहिजे.

पीएच मीटर ४.००, ६.८६ आणि ९.१८ च्या बफरवर (ठराविक पीएचच्या द्रावणांवर) लावून घ्या. एप्रिल-मेमध्ये आमच्या प्रयोगशाळेत चाळिशीचं तापमान असतं. बाटलीवरच्या तक्त्यातून त्या तापमानाचा बफरचा आकडा घ्या, मीटरलाही तेच तापमान सांगा. जमलं तर सकाळीच उरका.

बीकरमध्ये २० मिलि ॲसिड, ३० मिलि पाणी. ब्युरेटमधून एकेक मिलि सोडा टाका, ढवळा, आकडा स्थिरावला की लिहा. १८ ते २२ आणि ३८ ते ४२ मिलि या पट्ट्यांत मात्र एका वेळी ०.२ मिलिच्या पुढे जाऊ नका. दर मिलिमागे पीएच किती वाढला हे काढलं की तो सर्वांत जास्त जिथे येतो तो समतुल्य बिंदू, म्हणजे एक हप्ता पुरता संपला ती जागा. पहिला बिंदू पीएच ४.७ च्या आसपास, दुसरा ९.७ जवळ. दुसरी उडी पहिलीपेक्षा सपाट असते, घाबरू नका. तपासणी एकच: शून्यापासून पहिल्या बिंदूपर्यंत जेवढा सोडा लागला तेवढाच पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत लागला पाहिजे. नसेल तर पुन्हा पाण्याकडे बघा.

आता खरी गोम. टप्प्याच्या निम्म्यावरचा पीएच म्हणजेच पीकेए, असं आपण पाठ करतो. पहिल्या टप्प्याचं निम्मं १० मिलिवर येतं आणि मीटर २.३७ च्या जवळपास दाखवतो. मुलं ते खोडून २.१५ लिहितात. मी अशा वह्या कितीतरी पाहिल्यात, आणि दर वेळी खोडलेला आकडाच बरोबर असतो. पहिला हप्ता इतका सहज सुटतो की सोडा टाकण्याआधीच बरंच ॲसिड आपणहून फुटलेलं असतं, म्हणून निम्म्यावर निम्मं उरत नाही. हिशोब असा करा: बीकरमध्ये आता ६० मिलि, त्यात सोडियम १ मिलिमोल, म्हणजे ०.०१६७ मोलर, याला ‘स’ म्हणू. पीएच २.३७ म्हणजे हायड्रोजन ०.००४३ मोलर, याला ‘ह’ म्हणू. मग फुटलेलं ॲसिड स + ह आणि न फुटलेलं स − ह.

स्थिरांक = ह × (स + ह) ÷ (स − ह)

उत्तर ०.००७ च्या थोडं वर, म्हणजे पीकेए २.१४. खोडाखोड न करता पुस्तकाशी जुळलं.

दुसरं निम्मं ३० मिलिवर. इथे पीएच थेट वाचायचा, पण तो ७.२० नाही, ६.९ ते ७.० येईल. चूक नाही. द्रावणातले आयन एकमेकांना ओढून धरतात आणि पुस्तकातला आकडा हा अतिविरल द्रावणाचा असतो. पुरावा तुमच्या टेबलावरच आहे. मीटर लावायचा ६.८६ चा बफर म्हणजे हेच दोन फॉस्फेट (एक हायड्रोजन गेलेलं आणि दोन गेलेलं) समसमान मिसळलेले. अचूक आकडा हवा तर ॲसिड दुप्पट, चौपट पातळ करून प्रयोग पुन्हा करा. निम्म्यावरचा पीएच ७.२० कडे सरकताना दिसेल.

तिसऱ्याची उडी आलेखावर येतच नाही. ४० मिलिनंतर टाकलेल्या सोड्यातला बराचसा हायड्रॉक्साइड मोकळाच राहतो, आणि बारापुढे काचेचा इलेक्ट्रोड सोडियमलाही हायड्रोजन समजू लागतो. तिसरा पुस्तकातून घ्या आणि वहीत ‘पुस्तकातून’ असंच लिहा.

उठण्याआधी ब्युरेट धुऊन ठेवा. सोडा रात्रभर राहिला तर काचेची तोटी सकाळी फिरत नाही.