अँप्लिफायर उघडायच्या आधी: हम शोधायला मी कसा शिकलो

आयटीआयची इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकची दोन वर्षं संपवून मी पुण्यात एका रिपेअरिंगच्या दुकानात लागलो. स्पीकरमधून 'घूंsss' असा हम आला की फिल्टर कंडेन्सर (वीज सपाट करणारा भाग) गेला, एवढंच तेव्हा डोक्यात पक्कं बसलेलं. एक गृहस्थ हमची तक्रार घेऊन अँप ठेवून गेले. मी झाकण काढलं, दोन मोठे कंडेन्सर जरा जुनाट दिसले, लगेच बदलले. मग गाणं लावलं, एकदम स्वच्छ! बिल केलं. संध्याकाळी त्यांचा फोन: "अहो, होतं तसंच आहे."

चूक उघड होती. बदलायच्या आधी अँप मी एकदाही वाजवून ऐकला नव्हता. दुकानात तो आधीही शांतच वाजला असता.

दुसऱ्या दिवशी दुकानाचे मालक, म्हणजे आमचे काका, मला घेऊन त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेले. अँपला एकीकडून कॉम्प्युटर जोडलेला, दुसरीकडून सेट-टॉप बॉक्स. काकांनी पेचकस बाहेरही काढला नाही. सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची वायर फिरवून काढली आणि खोली शांत झाली. कॉम्प्युटरला तीन पिनी प्लगमधून घरातलं अर्थिंग मिळत होतं, केबलच्या जाळीला (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टणाला) बाहेर कुठेतरी दुसरं. दोन्ही ठिकाणचं व्होल्टेज तंतोतंत सारखं नसतं, त्यामुळे ऑडिओ वायरच्या जाळीतून बारीकसा करंट फिरत राहतो आणि अँप इमानदारीने तोही मोठा करतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. कॉम्प्युटर आणि अँपच्या मध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला (तो आवाज जाऊ देतो, पण तारांचा थेट जोड तोडतो) आणि काम झालं. कंडेन्सरचे पैसे काकांनी परत दिले; परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासून मी व्हॉल्यूमपासून सुरुवात करतो. बटण शून्यावर नेलं की आवाज गेला, तर तो व्हॉल्यूमच्या अलीकडचा: सोर्स, वायर, इनपुट. शून्यावरही तसाच राहिला तर अँपच्या आत बघायचं. मग सगळ्या वायरी काढायच्या आणि एकेक परत लावत जायचं. एकाच बाजूने येत असेल तर डावी-उजवी वायर इनपुटला अदलाबदल करायची. आवाज दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर अँप निर्दोष. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. टर्नटेबल असेल तर त्याची बारीक अर्थची तार अँपवरच्या फोनोच्या (टर्नटेबलच्या इनपुटच्या) स्क्रूला लावली आहे का, ते पाहा. साफसफाईत ती हमखास सुटते.

कान तयार करणं हे खरं काम. आपली लाइन 50 हर्ट्झची. आसपासच्या वायरींतून उचललेला किंवा लूपचा हम बहुतेकदा तिथेच, जाड आणि खालचा. रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतर) तोच दुप्पट होतो, म्हणून फिल्टर कंडेन्सर सुकला की 100 हर्ट्झचा जरा कर्कश आवाज येतो, बरोबर एक सप्तक वर. मोबाइलवर टोन लावून दोन्ही ऐका, पण हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरला 50 हर्ट्झ झेपत नाही. पंख्याच्या रेग्युलेटरबरोबर बदलणारी चरचर अँपची नाहीच, ती रेग्युलेटरमधल्या डिमरची. व्हॉल्यूम फिरवतानाच येणारी खरखर पॉटमधल्या, म्हणजे बटणामागच्या भागातल्या, मळाची. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-पंचवीस वेळा इकडेतिकडे करा. आणि आवाज स्पीकरऐवजी थेट डब्यातून येत असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या थरथरताहेत. नवखे तिथेही कंडेन्सरच बदलतात. मीही बदलले आहेत.

हम घालवायला प्लगची अर्थ पिन कापायची युक्ती कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. हम जातो खरा, पण उद्या बॉडीला फेज लागला तर करंटला जायला वाट उरते ती हात लावणाऱ्या माणसाची. माझ्याकडे असा कापलेला प्लग आला की मी तो आधी बदलतो, मग तक्रार ऐकतो. झाकण उघडायचंच झालं तर प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेले असतात, ते रेझिस्टर लावून रिकामे करा. आणि दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये, म्हणजे अँपकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, बल्ब लावा. तो लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

ट्वीटरला कान चिकटवल्यावर येणारी हलकी 'सूंss' मात्र सोडून द्या. थोडी तर प्रत्येक अँपला असते. गिऱ्हाइकाला तसं सांगायचं आणि पैसे घ्यायचे नाहीत.