घरच्या स्टुडिओत पॅचबे कसा जोडावा

टेबलाखाली डोकं घालायचं, तोंडात मोबाइलचा टॉर्च धरायचा, इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या-आणणाऱ्या डब्याच्या) मागची एक केबल काढायची आणि तिथे कंप्रेसरची (आवाजातले चढउतार आवळणाऱ्या उपकरणाची) खोचायची. महिन्यातून एकदा हे करावं लागत असेल तर चालवून घ्या. रोजच करावं लागत असेल, आणि तोवर तबलावादक हातोडी मांडीवर ठेवून तुमच्या पाठीकडे बघत बसत असतील, तर पॅचबे घ्यायची वेळ झाली. इंटरफेस, एक माइक आणि हेडफोन एवढाच संसार असेल, तर मात्र पैसे वाचवा.

उपकरणांच्या पाठीवरचे जॅक समोर एका पट्टीवर आणून ठेवायचे, एवढंच पॅचबेचं काम. साधारणतः मिळणारा पॅचबे १९ इंची रॅकमध्ये एका खणात बसतो. समोर वरच्या ओळीत २४ आणि खालच्या ओळीत २४ जॅक असतात, मागेही तेवढेच. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर ज्या पिना खोचून कॉल जोडत, त्याच घराण्यातला हा पाव इंची जॅक. रिवाज असा की वर आउटपुट आणि खाली इनपुट. तो मोडू नका.

आधी ‘नॉर्मल’ समजून घ्या

पुढे काहीच खोचलेलं नसताना कोण कोणाला जोडलेलं असेल, हे ठरवणं म्हणजे निम्मं काम. एका उभ्या जोडीतला वरचा जॅक खालच्याला आतून जोडलेला असला, की त्याला नॉर्मल म्हणतात. त्यात तीन प्रकार येतात.

फुल नॉर्मलमध्ये वर किंवा खाली, कुठेही पिन खोचली की आतली जोडणी तुटते. हाफ नॉर्मलमध्ये खाली खोचली तरच तुटते. वर खोचली तर आवाज नेहमीच्या वाटेनेही जातो आणि तुमच्या केबलमधूनही. थ्रूमध्ये वरचा आणि खालचा जॅक एकमेकांना ओळखतच नाहीत. घरच्या कामाला बहुतेक जागी हाफ नॉर्मल लागतो.

माझी पहिली चूक इथेच झाली. रिव्हर्बचं, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या उपकरणाचं, आउटपुट वर, त्याचंच इनपुट बरोबर खाली, दिसायला किती नेटकं! जोडी हाफ नॉर्मलवर होती. म्हणजे रिव्हर्बचा आवाज परत रिव्हर्बमध्येच शिरत होता. स्पीकरमधून जी शिट्टी निघाली, तिने शेजारच्या काकू दारात आल्या. एकाच उपकरणाचं आउटपुट आणि इनपुट एका उभ्या जोडीत ठेवायचंच असेल, तर ती जोडी थ्रू करा.

कागदावर मांडणी करा

विकत घेण्याआधी वहीचं पान घ्या आणि २४ उभे रकाने आखा. समजा दोन चॅनेलचा प्रीअँप (माइकचा बारीक आवाज मोठा करणारा), कीबोर्ड, दोन चॅनेलचा कंप्रेसर आणि आठ इन, आठ आउटचा इंटरफेस आहे. माझी मांडणी अशी असेल, सगळी हाफ नॉर्मल:

१–२: वर प्रीअँपचे आउट, खाली इंटरफेसचे इन १–२
३–४: वर कीबोर्डचे डावे-उजवे आउट, खाली इंटरफेसचे इन ३–४
५–६: वर इंटरफेसचे आउट ५–६, खाली कंप्रेसरचे इन
७–८: वर कंप्रेसरचे आउट, खाली इंटरफेसचे इन ५–६

आता एकही केबल न लावता प्रीअँप आणि कीबोर्ड रेकॉर्डिंगला तयार आहेत. शिवाय मिक्स करताना सॉफ्टवेअरमधून आवाज कंप्रेसरला जाऊन परत येतो. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रीइन्सर्ट (ReaInsert) नावाचा प्लगइन आहे; जाण्यायेण्यातला उशीर तो मोजून भरून काढतो.

गायिकेचा आवाज रेकॉर्ड करतानाच कंप्रेस करायचा असेल, तर दोन पॅच केबल (पुढचे जॅक एकमेकांना जोडणाऱ्या) लागतील: वरच्या १ मधून खालच्या ५ मध्ये, आणि वरच्या ७ मधून खालच्या १ मध्ये.

आता दुसरी केबल काढून टाका, फक्त पहिली राहू द्या. वरच्या १ मध्ये पिन असली तरी हाफ नॉर्मल तुटत नाही, म्हणून कोरा आवाज ट्रॅक १ वर जातोच. तोच आवाज कंप्रेसरमधून फिरून ट्रॅक ५ वर येतो. एका केबलीत कोरा आणि कंप्रेस केलेला, दोन्ही हाताशी. कंप्रेसर जास्त दाबला गेला तर टेक वाया जात नाही. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी उगाचच पाच मिनिटं ती केबल काढत-घालत बसलो होतो.

एक आउटपुट दोन ठिकाणी असं वाटलेलं चालतं. दोन आउटपुट एका इनपुटात कोंबणं चालत नाही. त्यासाठी मिक्सर असतो.

काय जोडू नये

माइक थेट प्रीअँपला जोडा. पाव इंची पिन आत सरकताना तिचं टोक क्षणभर भलत्या पट्ट्यांना टेकतं, आणि तेव्हा ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला त्याच्याच केबलीतून दिलेली वीज) चालू असेल तर तो झटका माइकला किंवा प्रीअँपला बसतो. आत नाजूक पातळ पट्टी असलेला रिबन माइक असेल तर विचारूच नका. अँप्लिफायरचं स्पीकर आउटपुट आणि डिजिटल केबलही इथे आणू नका. गिटार आधी डीआय बॉक्समधून (तिचा सिग्नल लांब केबलीला जुळवून देणाऱ्या डबीतून) घ्या. मॉनिटर स्पीकर मी थेट इंटरफेसलाच ठेवतो.

केबल

वरच्या मांडणीत आठच रकाने भरलेत, तरी मागे १६ केबली लागल्या. खर्च डब्यापेक्षा केबलींवर होतो, म्हणून मी त्या घरीच सोल्डर करतो. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत ‘पी-३८ स्टिरिओ’ म्हटलं की दुकानदार बरोबर पिन काढून देतो. टिपला (पिनेच्या टोकाला) प्लस, रिंगला (मधल्या कड्याला) मायनस, स्लीव्हला (उरलेल्या दांड्याला) केबलीची जाळी. प्रत्येक केबल मल्टिमीटरवर वाजवून बघा. टिप आणि रिंग एकमेकांना चिकटले असतील तर ते आत्ताच कळू दे. कीबोर्डचं आउटपुट बहुधा अनबॅलन्स्ड (रिंगची तार नसलेलं) असतं, तिथे मोनो केबल चालेल, पण आखूड ठेवा. पुढच्या बाजूला अर्ध्या मीटरच्या पॅच केबली पुरतात.

दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावून नंबर लिहा. एकाच टोकाला लिहिलेला नंबर सहा महिन्यांनी शिव्या खायला लावतो.

बसवणं आणि तपासणं

रॅकमध्ये स्क्रू पिळण्याआधी प्रत्येक जोडीचा प्रकार ठरवा. बेहरिंगरच्या पीएक्स ३००० सारख्या पॅचबेला वरच्या अंगाला बटणं असतात. काहींमध्ये आतलं कार्ड काढून उलटं बसवावं लागतं. वर दुसरं उपकरण चढलं की दोन्हीकडे हात पोचत नाही.

मग स्पीकर बंद ठेवून एकेक जोडी लावा आणि लगेच तपासा. सगळं जोडून शेवटी तपासायला गेलात तर चूक सापडायला रात्र जाते. इंटरफेसचे इनपुट माइकवर नाही तर लाइनवर आहेत ना, तेही बघा. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज (हम) येत असेल तर सगळी उपकरणं एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर आणा. अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

पावसाळ्यानंतर एखादा चॅनेल खरखरेल किंवा एकदम गप्प होईल. केबल बदलण्याची घाई नको. नॉर्मलची आतली पट्टी महिनोन्महिने हललेली नसते आणि दमट हवेत तिच्यावर पापुद्रा धरतो. त्या जॅकमध्ये पिन आठ-दहा वेळा आतबाहेर करा, बहुतेकदा आवाज परत येतो. नाहीच आला तर पिनेवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पुन्हा तेच करा. मी तर ऑक्टोबर लागला की एका संध्याकाळी ४८ही जॅक असे हलवून घेतो.