जागा आधी, सभासद नंतर: गटाने घरे बांधताना या चुका टाळा

बेळगावातील शहापूर-वडगावचे विणकर, उद्यमबागेतील कारखान्यांचे कामगार किंवा निपाणी-खानापूरकडचे शिक्षक एकत्र येऊन स्वतःची गृहनिर्माण संस्था उभारू पाहतात, तेव्हा त्यांच्याकडे चिकाटीची वाण नसते. सहकारही आपल्या जिल्ह्याला नवा नाही. हुक्केरीची सहकारी संस्था 1969 पासून गावोगावी वीज पुरवते. तरीही घरांच्या संस्था अडकतात, त्या बहुधा पहिल्याच पावलावर.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जागा आधी ठरवणे आणि सभासद मागाहून गोळा करणे. एजंट स्वस्त जमीन दाखवतो, घाईने संचकार (विसाराची रक्कम) दिला जातो आणि मग तो फेडण्यासाठी जो पैसे आणेल त्याला सभासद करून घ्यावे लागते. अशा संस्थेत दर, प्लॉटचा आकार आणि वाटप एजंटच ठरवतो व सभासद नुसते गिऱ्हाईक उरतात. बंगळुरूच्या एच.एम.टी. गृहनिर्माण सहकारी संस्थेसाठी झालेले भूसंपादन टिकले नाही, आणि 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संस्थेने मध्यस्थाशी केलेल्या करारावरच बोट ठेवले. म्हणून सभासद कोण, दरमहा बचत किती, घर केवढे, मध्येच कोणी बाहेर पडला तर पैसे कसे परत द्यायचे, हे इतिवृत्तात लिहून झाल्यावरच जमीन पाहायला निघावे.

दुसरी चूक खास आपल्या सीमाभागातली आहे. पुण्या-कोल्हापुरातील नातेवाइकांकडून आदर्श उपविधी (संस्थेची नमुना नियमावली) आणून त्यावर नाव बदलले जाते. पण महाराष्ट्राचा 1960 चा सहकार कायदा आणि तिथले मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने टाळाटाळ केल्यास जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्याची सोय) इथे लागू नाही. इथे कर्नाटक सहकारी संस्था अधिनियम, 1959 चालतो. कार्यालयीन कागद कन्नडमध्ये येत असल्याने अनेक सभासद न वाचताच सही करतात, हे मला फार धोक्याचे वाटते. प्रत्येक महत्त्वाचा कागद सभेत मराठीतून वाचून दाखवावा आणि तशी नोंद ठेवावी.

जमिनीची छाननी करताना नुसत्या पहाणीवर (सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर) विसंबू नये. उताऱ्यावर तिघा भावांची नावे असतात आणि चंदगड-गडहिंग्लजला दिलेल्या दोघी बहिणींचे नाव कुठेच नसते; "त्यांचे काही म्हणणे नाही," असे भाऊ सांगतात. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबातील वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच असल्याने बहिणींची खरेदीखतावर सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवेच. जुने फेरफार आणि बोजाचा दाखला (ईसी) वकिलाकडून तपासून घ्यावा. शेतजमीन असेल, तर भूमहसूल कायद्याच्या कलम 95 खालील बिनशेती आदेश आणि शहर परिसरात बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) लेआऊट मंजुरी पाहावी. स्टॅम्प पेपरवर घेतलेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांवर पुढे बांधकाम परवाना आणि बँकेचे कर्ज दोन्ही अडते. बळ्ळारी नाल्याकडची जागा असल्यास ती ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन पाहावी.

"आम्ही बिल्डर नाही, आम्हाला रेरा कशाला?" हाही गैरसमजच आहे. रेरा म्हणजे गृहप्रकल्पांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा कायदा. सभासदांसाठी बांधणारी प्राथमिक गृहनिर्माण संस्था या कायद्याने प्रवर्तकच (प्रमोटर) ठरते. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा आणि सदनिका आठांपेक्षा जास्त असल्यास नोंदणी लागते व जमा रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात.

पैसे आधीच अडकले असतील, तर भांडणाआधी पावत्या, ठराव आणि बँक उतारे एकत्र करावेत. संस्था नोंदलेली नसेल, तर यापुढे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात रक्कम भरू नये आणि संचकाराची मुदत संपण्यापूर्वी मूळ मालकाला वकिलामार्फत नोटीस द्यावी. संस्था नोंदलेली असून संचालक हिशेब दाखवत नसतील, तर सभासदांनी एकत्रितपणे सहाय्यक निबंधकांकडे कर्नाटक सहकार कायद्याच्या कलम 64 खाली चौकशीची मागणी करावी. वाटपाचा किंवा सभासदत्वाचा वाद असेल, तर तो त्याच कायद्याच्या कलम 70 खाली दाखल करता येतो.